घाटात पिकअप तापते: आधी वारा बघा, मग पाणी

सपाट रस्त्याला तापमानाचा काटा मधोमध असतो. घाट लागतो, दुसऱ्या गिअरवर चार-पाच वळणं होतात आणि काटा वर सरकायला लागतो. अर्ध्या घाटात तो लाल रेघेला टेकतो. गाडी बाजूला घेतली की अर्ध्या तासात खाली येतो. गॅरेजमध्ये दाखवावी तर तिथे काहीच सापडत नाही. अंदाजाने एखादा पार्ट बदलला जातो आणि पुढच्या खेपेला त्याच वळणावर पुन्हा तेच.

आमची हापूसची कलमं सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, कातळात आहेत. तिथवर जाणारी वाट जांभ्याच्या दगडांतून आणि एका व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून जाते, म्हणून चारही चाकांना ओढ देणारी डिझेल फोर-बाय-फोर पिकअप घेतली. एप्रिल-मेमध्ये तीच गाडी पेट्या भरून करूळ घाटाने गगनबावड्याला चढते आणि कोल्हापूर गाठते. गेल्या बारा वर्षांत ही एकच तक्रार मी माझ्या गाडीवर तीनदा आणि वाडीतल्या, शेजारगावांतल्या पिकअपवर कितीतरी वेळा निस्तरली आहे. बहुतेक वेळा दोष फुकटात किंवा एका झाकणाच्या किमतीत सुटणारा होता. पण तोवर मालकाने वॉटर पंप, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप), कधी अख्खा रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) बदललेला असायचा. म्हणून तपासणीचा क्रम लिहितो आहे. आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, शेवटी अवघड. आणि पाना कुठे खाली ठेवायचा तेही.

गाडी कधी तापते?

"गाडी तापते" एवढ्याने काही कळत नाही. कधी तापते हे नीट सांगता आलं तर अर्धं निदान झालं. आठ दिवस गाडीत एक वही ठेवा. रस्ता, गिअर, वेग, माल किती होता, एसी चालू होता का, काटा कुठवर गेला, एवढं लिहा.

हळू चढताना, भरल्या मालावर तापते पण हायवेला ऐंशीच्या वेगाने थंड राहते, तर दोष वाऱ्याचा आहे. वेगात असताना वारा आपसूक रेडिएटरमधून जातो. चढावर वीसच्या वेगाने तो पंख्यालाच खेचावा लागतो. जाळी तुंबलेली असेल किंवा पंखा ढिला असेल तर ते इथेच उघडं पडतं.

याच्या उलट, उभ्या गाडीला काही होत नाही पण हायवेला सलग पळवली की तापते, तर पाणी नीट फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून भरल्या आहेत, खालचा होज, म्हणजे रबरी नळी, चिमटतो आहे, पंप थकला आहे किंवा बेल्ट घसरतो आहे.

सकाळी थंड इंजिन सुरू करून पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा आत हवा अडकलीय. काटा एकदम वर, एकदम खाली नाचत असेल तर पातळी कमी आहे, हवा आहे किंवा सेन्सरच्या वायरचा प्रश्न आहे. काटा लाल आणि हीटरमधून मात्र गार हवा, याचा अर्थ इंजिनात पुरेसं पाणीच उरलेलं नाही. त्याच क्षणी इंजिन बंद करा. आणि दर खेपेला अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं पण खाली एक थेंब दिसत नाही, असं असेल तर मधलं सगळं सोडा आणि या लेखाचा शेवटचा भाग आधी वाचा.

रस्त्यातच उकळली तर

काटा वर चालला आहे पण लाल रेघ लांब आहे, तेव्हा एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात लावा. केबिनमध्ये भट्टी होते, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा बघून थांबा, न्यूट्रलवर इंजिनाचे फेरे जरा चढे ठेवून दोन-तीन मिनिटं चालू द्या. काटा उतरला नाही, वाफ दिसली किंवा पाणी सांडताना दिसलं तर इंजिन बंद. चाकांमागे दगड लावायला विसरू नका.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी शंभरच्या वर जाऊनही पाणीच राहिलेलं असतं. झाकण फिरवलं, दाब गेला, की त्याची क्षणात वाफ होते आणि तोंडावर, हातावर येते. फडकं धरून हळूच उघडतो म्हणणाऱ्या एका शेजाऱ्याचा हात कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिला आहे. पाऊण तास थांबा. वरचा होज हातात धरवला आणि दाबल्यावर मऊ लागला तरच झाकणाला हात लावा. नव्या गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर नसून प्लास्टिकच्या टाकीवर असतं. त्या टाकीलाही हाच नियम.

तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नका. ओतीव धातू एका जागी एकदम आकसला की हेडला, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जातो. तडा गेला की किरकोळ दुरुस्तीचं काम हेडच्या किमतीचं होऊन बसतं.

पातळी आणि गळती

आता घरी, सकाळी, थंड इंजिनावर. झाकण उघडा आणि रेडिएटरच्या गळ्यापर्यंत कूलंट (पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव) आहे का बघा. नुसती बाजूची बाटली बघून समाधान मानू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा, असं मी अनेकदा पाहिलंय. ते का होतं ते झाकणाच्या भागात येईल.

पातळी कमी असेल तर पाणी कुठून तरी जातंय. भरून मोकळं होऊ नका. टॉर्च घेऊन होजच्या क्लिपा, रेडिएटरचे कोपरे, हीटरच्या नळ्या आणि वॉटर पंपाच्या खालचा भाग बघा. गरम इंजिनावर गळणारं पाणी जागीच वाळतं, म्हणून थेंब दिसत नाही. मागे पांढरा, हिरवट किंवा गुलाबी थर राहतो. तो थर शोधायचा. केबिनमध्ये पायाशी चटई ओली लागत असेल किंवा गोडसर वास येत असेल तर हीटरचा कोअर, म्हणजे त्याचा छोटा रेडिएटर, गळतोय. वाडीतल्या एका गाडीची गळती पावसाचं पाणी समजून आख्खा पावसाळा चटई वाळत घातली जात होती.

क्लिप सैल असेल तर आवळा, पण स्क्रू ड्रायव्हरवर सगळा जोर लावू नका. प्लास्टिकच्या टाकीचं नळकांडं वयानुसार ठिसूळ होतं आणि मोडतं.

जाळी: इथे वेळ द्या

माझ्या पहिल्या वेळची हकीकत सांगतो, कारण त्यातून मला हा सगळा क्रम मिळाला. मे महिना, साठ पेट्या, आणि करूळ घाटात गाडी तीनदा थांबली. एका गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला. पुढच्या खेपेला पुन्हा तापली. मग वॉटर पंप झाला. पुन्हा तेच. वाडीतले एक काका एसटीच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी रात्री अंगणात बॉनेट उघडायला लावलं, इंजिनच्या बाजूने रेडिएटरच्या मागे टॉर्च धरला आणि मला पुढे जाऊन बघायला सांगितलं. वरच्या चार बोटांच्या पट्टीतून उजेड येत होता. बाकी काळोख.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी जाळी) असतो, काही गाड्यांत टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलरही. या दोन जाळ्यांमध्ये बोटभर फट असते. त्या फटीत गवताची कुसळं, म्हाताऱ्या, पाखरं आणि लाल धूळ यांची गादी जमली होती, नमद्यासारखी घट्ट. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता, कारण तो मी दर महिन्याला धूत होतो. माझ्याच पाण्याच्या फवाऱ्याने घाण आत ढकलली जात होती.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आमच्याकडे पावसानंतर सड्यावरचं गवत वाळतं. मार्गशीर्ष-पौषात कलमांच्या फवारणीसाठी गाडी कमरेएवढ्या गवतातून जाते, तेव्हा कुसळं आत शिरतात. त्या दिवसांत हवा गार, गाडी रिकामी, म्हणून काटा हलत नाही. वैशाखात माल भरून घाट चढताना तो दोष दिसतो. चार महिन्यांपूर्वीचं कारण कोणाच्या लक्षात राहत नाही आणि त्या आठवड्यात जो पार्ट जुना दिसेल तो बदलला जातो.

धुण्याची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. पाणी बागेच्या साध्या नळीचं, आणि दिशा वाऱ्याच्या उलट, म्हणजे इंजिनच्या बाजूने पुढे. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि तेवढी जागा कायमची बंद होते. चिखल वाळलेला असेल तर आधी साबणाच्या पाण्याने अर्धा तास भिजवा, मग मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने हलकेच. तारेने टोचू नका, नळीला भोक पडतं. वाकलेल्या पट्ट्या चिमट्याने एकेक सरळ करता येतात. वेळखाऊ काम आहे, पण उपयोग होतो.

मधल्या फटीसाठी बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या वरच्या पट्टीचे बोल्ट काढले की रेडिएटर दोन-तीन सेंटिमीटर मागे कलतो. तेवढ्या जागेतून कुसळं ओढून काढता येतात. एसीच्या नळ्या मात्र सोडू नका. त्यांत दाबाखाली गॅस असतो. फट तेवढ्याने उघडत नसेल तर ते काम एसीवाल्याकडे.

व्हाळ किंवा नदी ओलांडली असेल तर त्याच संध्याकाळी जाळी धुवा. जांभ्याचा चिखल एकदा वाळला की विटेसारखा बसतो. खोल पाण्यात आणखी एक धोका असतो: फिरता पंखा पाण्यात होडीच्या पंख्यासारखा पुढे खेचला जातो आणि त्याची पाती रेडिएटर कापतात. पाणी पंख्यापर्यंत येत असेल तर ती वाट सोडा.

हौसेने पुढे काय काय लावलंय?

ऑफ-रोड गाडी म्हटली की पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र), दिव्यांची पट्टी, जाड गार्ड हे सगळं येतं. यातली प्रत्येक वस्तू जाळीच्या तोंडावर बसते आणि तेवढा वारा अडवते. दिवे जाळीच्या खाली किंवा बाजूला घ्या. बुल बार, म्हणजे तो जाड गार्ड, तर काढूनच टाका: २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे, आणि धडकेत तो समोरच्या पादचाऱ्याला जास्त इजा करतो. कुसळांसाठी जाळीपुढे मच्छरदाणीची बारीक जाळी बांधतात, ती हेतूने बरोबर आहे, पण ती स्वतःच तुंबते. मी तीन-चार मिलिमीटर भोकांची काढता-घालता येणारी जाळी वापरतो आणि माल भरायच्या आधी ती काढून ठेवतो.

टायरचं गणित लोक विसरतात. २३५/७५ आर १५ चा टायर साधारण ७३४ मिलिमीटर व्यासाचा. त्याजागी २६५/७५ आर १५ घातला तर व्यास ७७९ च्या आसपास जातो, म्हणजे सहा टक्के मोठा. तेवढेच सगळे गिअर लांब होतात. त्याच वेगाला, त्याच गिअरला इंजिनाचे फेरे कमी पडतात. पंखा आणि वॉटर पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर फिरत असल्यामुळे तेही मंदावतात, आणि ओझं मात्र तेच. मोठे टायर घातल्यावर घाटात पूर्वीपेक्षा एक गिअर खाली ठेवावा लागतो. खरं तर कंपनीच्या मूळ टायरवरही चढताना इंजिन घुसमटू देऊ नका. मिनिटाला दोन हजारांच्या वर फेरे ठेवा.

फोर-बाय-फोर पार्ट-टाइम, म्हणजे हवं तेव्हाच लावायचं असेल तर कोरड्या डांबरावर ते लावून घाट चढू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात, हा फरक सांभाळणारं डिफरन्शियल मधे नसल्यामुळे सगळा ताण गिअरपेटीवर आणि इंजिनावर येतो. कच्च्या, सुट्या दगडांच्या उभ्या चढावर मात्र लो रेंज, म्हणजे फोर-बाय-फोरचे जास्त ओढीचे गिअर, लावायलाच हवी. तिथे ती इंजिनाला थंड ठेवते.

ताकदीसाठी इंजिनाच्या डिझेल पंपातून येणारं डिझेल वाढवून घेतलं असेल तर ते पूर्ववत करा. जास्त डिझेल जळलं की जास्त उष्णता, आणि रेडिएटर तेवढाच. एअर फिल्टर धुळीने भरला असेल तरीही चढावर काळा धूर आणि काटा वर अशी जोडी दिसते.

बेल्ट, होज, पंखा

हात लावायचं सगळं काम इंजिन बंद, किल्ली खिशात ठेवून. उपरणं, ओढणी, सैल बाही काहीही नको. इलेक्ट्रिक पंखा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण तो किल्ली नसतानाही सुरू होऊ शकतो.

बेल्टच्या सर्वांत लांब पट्टीवर मधोमध अंगठ्याने दाबा. दहा-बारा मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबत असेल, आतली बाजू आरशासारखी चकाकत असेल किंवा त्यावर ऑइल आलं असेल तर तो घसरतो आणि पंप हळू फिरतो. आपोआप ताण धरणारा टेन्शनर असेल तर फक्त भेगा बघा.

होज थंड असताना दाबून बघा. कडक, फुगलेले किंवा स्पंजासारखे झाले असतील तर बदला. खालच्या होजकडे विशेष लक्ष द्या. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर मऊ पडलं किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली की जास्त फेऱ्यांवर तो चिमटला जातो आणि पाणी अडतं. उभ्या गाडीत तो गोलच दिसतो. मदतनीसाला थंड गाडीत फेरे वाढवायला सांगून लांबून बघा.

इंजिनावर बसलेल्या पंख्याला विस्कस कपलिंग, म्हणजे तेलावर चालणारा जोड असतो. त्यात सिलिकॉन ऑइल असतं आणि पुढे दोन धातूंची छोटी पट्टी. रेडिएटरमधून गरम वारा आला की पट्टी वाकते, आतली झडप उघडते, ऑइल भरतं आणि पंखा इंजिनाबरोबर घट्ट फिरायला लागतो. ऑइल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो पण वारा ओढत नाही. थंड गाडीत पातं हाताने फिरवा: जड लागायला हवं. एक टिचकी मारल्यावर दोन-तीन गिरक्या घेत असेल तर कपलिंग गेलं. त्याच्या मध्यापासून बाहेर गेलेली धुळीची तेलकट रेघ हीही खूण आहे. चांगलं कपलिंग घाटात ऐकू येतं. काटा जरा वर गेला की पंख्याचा घोंघावणारा आवाज वाढतो आणि मग काटा उतरतो. तो आवाज कधीच येत नसेल तर वहीत लिहून ठेवा.

पंख्याभोवती प्लास्टिकचं कडं, म्हणजे श्राउड, आहे का? कामाला अडतं म्हणून ते काढतात आणि परत बसवत नाहीत. कडं नसलं की पंखा रेडिएटरमधून ओढायच्या ऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. इलेक्ट्रिक पंख्याच्या वायरी दुरुस्तीत उलट जोडल्या गेल्या तर तो उलटा फिरतो. पंखा चालू असताना समोरच्या जाळीला वर्तमानपत्राचा कागद लावा. चिकटून राहिला तर दिशा बरोबर.

झाकण आणि थर्मामीटर

पैसे खर्च करायची वेळ आली तर पहिला खर्च झाकणाचा. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ लाच. झाकण ०.९ बारचा दाब धरतं तेव्हा तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की बाकी सगळं नवं असूनही गाडी उकळते. जुनं झाकण पारखत बसण्यापेक्षा नवं घालणं बरं. वरचा आकडा तोच हवा: ०.९ किंवा १.१, काहींवर ८८ किंवा १०८ असं किलोपास्कलमध्ये. जास्त दाबाचं झाकण घालून उत्कलनबिंदू वाढवू नका, जुने होज आणि हीटरचा कोअर फुटतो.

झाकणात दुसरी छोटी झडप असते. इंजिन थंड होताना ती बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देते. ती अडकली की बाटली भरलेली राहते, रेडिएटर रिकामा होत जातो आणि सकाळी वरचा होज पोटात गेल्यासारखा चपटा दिसतो. चपटा होज दिसला तर झाकणच.

काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. लांबून मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते कमी दाखवतं, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरच्या टाक्यांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून तिथेच मोजा. काटा लाल आणि टेपवर ८८ अंश असेल तर सेन्सर किंवा अर्थिंगचा दोष आहे, गाडी तापतच नाही. रेडिएटरची पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दोन्ही बाजू जवळपास सारखीच तापलेली असेल तर पाणी फिरतंय पण वारा उष्णता नेत नाही. आत येण्याची खूप गरम आणि बाहेर जाण्याची गारच राहिली तर पाणी पुढे सरकत नाही. हेच थर्मामीटर चाकांवर धरा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा खूप तापला असेल तर ब्रेक धरून राहतोय आणि इंजिन ते ओझं ओढतंय.

कूलंट आणि थर्मोस्टॅट

नुसतं बोअरचं पाणी घालत आला असाल तर आत क्षार बसलेला असतो. तो थर उष्णता अडवतो. थंड इंजिनातून सगळं काढा, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. डब्यावर तयार मिश्रण लिहिलेलं असेल तर त्यात पाणी घालू नका. थंड प्रदेशाची भीती नाही म्हणून कूलंट नको, असं इथे म्हणतात. पण ते उत्कलनबिंदू वाढवतं आणि गंज थांबवतं, म्हणून कोकणातही हवंच. उलट शंभर टक्के कूलंटही घालू नका, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. रंगावरून कूलंटची जात ठरत नाही. वेगळ्या प्रकारची दोन कूलंटं एकत्र केली तर गाळ होऊ शकतो.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा शेतात ओतू नका, पातेल्यात उघडं ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री, मांजरं, गुरं ते पितात आणि मरतात. बंद कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून गॅरेजला द्या.

भरताना गाडीचं नाक चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर. झाकण थंड असतानाच काढा, इंजिन आयडलवर चालू ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत रहा, मग झाकण लावा. दोन दिवसांनी थंड गाडीत पुन्हा बघा. दाबाची टाकी असलेल्या गाडीत हवा काढायची वेगळी रीत असते, पुस्तिका बघा.

थर्मोस्टॅट काढला असेल तर पातेल्यात पाणी घेऊन दोरीने लोंबकळत ठेवा आणि गरम करा. त्यावर आकडा कोरलेला असतो, बऱ्याचदा ८२. त्या अंशाला उघडायला लागून ९५ पर्यंत आठ-दहा मिलिमीटर उघडला पाहिजे. नाही उघडला तर बदला. कायमचा काढून टाकू नका. तापणाऱ्या गाडीवर हा उपाय सर्रास सांगितला जातो आणि तो चूक आहे. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतो आणि चढावर गाडी आणखी तापते. सपाटीला ती नको इतकी थंड राहते, डिझेल जास्त खाते.

गळतीवर हळद घालायची जुनी युक्ती आहे. जंगलात अडकलात तर घरापर्यंत येण्यासाठी वापरा. पण ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते, तेव्हा घरी आल्यावर सगळं धुऊन काढा आणि गळती नीट दुरुस्त करा. डब्यात मिळणाऱ्या गळतीबंद पावडरींचंही तेच.

इथे थांबा

इथवर सगळं ठीक असूनही गाडी हायवेला तापते आणि रेडिएटरच्या एका भागात थर्मामीटर गार दाखवतं, तर तो आतून भरला आहे. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर रेडिएटरवाला टाकी उघडून, सळ्या घालून साफ करतो. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर मात्र बदलावाच लागतो. हे घरी ॲसिड ओतून करू नका.

वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं. तिथून कूलंट येत असेल किंवा पुलीला खेळ असेल तर पंप गेला. तो बाहेरच्या बेल्टवर असेल आणि हात बसलेला असेल तर घरी बदलता येतो. टायमिंग बेल्टखाली असेल तर सोडून द्या. दात चुकले तर व्हॉल्व्ह वाकू शकतात.

आणि पुढच्यापैकी एकही खूण दिसली तर गाडी पुन्हा सुरू करू नका. ऑइलची काडी किंवा झाकण दुधाच्या चहासारखं दिसतंय. थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत होज दगडासारखे कडक होतात. थंड गाडीत झाकण काढून सुरू केल्यावर गळ्यात बुडबुडे थांबतच नाहीत. गळती नसताना कूलंट संपतं, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, सकाळी पहिले काही क्षण एक सिलिंडर मारत नाही. यापैकी काहीही असेल तर बहुधा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनामधलं पॅकिंग) गेलं आहे किंवा हेडला तडा आहे. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड उतरवणं अंगणातलं काम नाही. हेड सपाट आहे का ते मोजावं लागतं, लेथवर फेस करून घ्यावं लागतं, पुष्कळ डिझेल इंजिनांत गॅस्केटची जाडी पिस्टन किती वर येतो ते मोजून निवडावी लागते, आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या टॉर्कने आवळावे लागतात. कॉमन रेल (एका सामायिक नळीतून सगळ्या सिलिंडरांना डिझेल देणाऱ्या) गाडीत डिझेलच्या नळ्यांत हजार बारच्या वर दाब असू शकतो. तो फवारा कातडीत घुसतो.

गाडी टो करून न्या, चालवत नेऊ नका. सोबत ती वही द्या: कोणत्या चढावर, कोणत्या गिअरला, किती मालावर तापली, टेपवर किती अंश दिसले, आणि यातलं काय काय तपासून झालंय. हेड उघडायच्या आधी सिलिंडरची गळती किंवा कूलंटमध्ये धुराचा अंश आहे का, ही चाचणी करून घ्या असं फिटरला स्पष्ट सांगा.